अर्धवट खेळाला शिरपेच नको

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : व्हिडिओ गेमच्या चढत्या किमती, उतरता दर्जा आणि राज्याचे गेमिंग धोरण

व्हिडिओ गेमची नवी डिस्क भारतात ४,९९९ रुपयांना पडते. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने काढलेल्या मोठ्या खेळांची ही नेहमीची किंमत आहे. आधीच्या पिढीत, म्हणजे प्लेस्टेशन ४ च्या काळात, ती ३,९९९ होती. यंत्राचे पैसे वेगळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते भारतात आले तेव्हा डिस्कवाले यंत्र ४९,९९० रुपयांना होते, पुढच्याच वर्षी ते ५४,९९० झाले. टीव्ही घ्या, फोन घ्या, विजेवर चालणारी कोणतीही वस्तू जुनी झाली की तिचा भाव उतरतो. हे यंत्र मात्र जुने झाले तसे महागले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने एक डिस्क म्हणजे सोळा दिवसांचे मातीकाम आणि यंत्र म्हणजे एकशे शहात्तर दिवसांचे. हमी होती शंभर दिवसांची.

या धंद्याबद्दल जगभर दोन तक्रारी एका दमात केल्या जातात : भाव वाढला आणि माल बिघडला. दोन्ही खऱ्या आहेत, पण सारख्या खऱ्या नाहीत. आधी भावाचे पाहू. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत २००५ च्या सुमारास साठ डॉलर झाली आणि २०२० पर्यंत तिथेच थांबली. या पंधरा वर्षांत बाकी सगळे महागले, म्हणजे खऱ्या अर्थाने खेळ स्वस्तच होत गेला. २०२० मध्ये सत्तर डॉलरचा भाव सुरू झाला. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ऐंशीला काढला. मायक्रोसॉफ्टनेही ‘द आउटर वर्ल्ड्स २’ साठी ऐंशी जाहीर केले होते, पण गिऱ्हाईक खवळले तेव्हा विक्रीआधीच पुन्हा सत्तरवर आणले. त्याच कंपनीची महिन्याच्या वर्गणीवर खेळ देणारी ‘गेम पास’ची सर्वांत वरची योजना ऑक्टोबर २०२५ मध्ये वीस डॉलरवरून तीस डॉलरवर गेली. वर्गणीचे गणित जुनेच आहे. आधी स्वस्तात सवय लावायची, सवय लागली की भाव चढवायचा.

तरीही नुसत्या भावावरून या धंद्याला दोषी धरणे पुरते बरोबर होणार नाही, कारण खर्चही खरोखरच वाढला आहे. कंपन्या तो सहसा सांगत नाहीत. तो बाहेर आला अपघाताने. जून २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धचा खटला चालू असताना सोनीने कोर्टात काही कागद दिले. गुप्त आकड्यांवर काळ्या मार्करने रेघा मारल्या होत्या, पण कागद स्कॅन झाले तेव्हा रेघांखालचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ चा खर्च २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१ कोटी २० लाख. त्या वेळच्या दराने पहिला आकडा सुमारे १,८०० कोटी रुपयांचा होतो. पहिल्या खेळावर ऐन भरात दोनशेच्या आसपास माणसे काम करत होती, दुसऱ्यावर तीनशे. एवढ्या माणसांचे पाच-सहा वर्षांचे पगार मोजले की आकडा मोठा वाटेनासा होतो.

हा पैसा जातो कुठे, हे समजायला एक भिंत पुरे. तीस वर्षांपूर्वीच्या खेळात भिंत दाखवायची तर विटांचे एक छोटे चित्र काढायचे आणि तेच शेजारी-शेजारी चिकटवत न्यायचे. आज त्या भिंतीतली वीट वेगळी घडवतात. तिचा कोपरा उडालेला, सांध्यात शेवाळ, उजवीकडून ऊन आले की खडबडीतपणा दिसायला हवा, पाऊस पडला की ओल उतरायला हवी, गोळी लागली तर टवका निघायला हवा. पालघरच्या जव्हार-मोखाड्यातली माणसे दिवाळीनंतर जगायला भट्टीवर जातात, तेव्हा वीट पाडायला किती कष्ट लागतात ते इथे कुणाला शिकवायला नको. पडद्यावरची वीट त्याहून कितीतरी महाग पडते, आणि खेळणारा तिच्यासमोरून दोन सेकंदांत पळून जातो. यंत्राची ताकद प्रत्येक पिढीत वाढते, ती ताकद दाखवण्यासाठी तपशील वाढतो, तपशिलासाठी माणसे वाढतात. खेळ मात्र त्या प्रमाणात अधिक रंजक होत नाही. खर्चवाढीचे खरे दुखणे हेच आहे.

इतका पैसा अडकला की धाडस संपते. नवी कल्पना घेऊन १,८०० कोटींचा डाव कोणी मांडत नाही, म्हणून जुन्याच नावाचा पुढचा भाग निघतो, नाहीतर जुनाच खेळ रंगरंगोटी करून पुन्हा विकला जातो. भागांमधले अंतरही वाढत जाते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा पाचवा भाग २०१३ मध्ये आला, २०२५ संपले तरी सहावा आलेला नव्हता. चौथीतल्या मुलाने पाचवा भाग पाहिला असेल, तर सहावा येईपर्यंत तो कमावता झाला.

आता मालाचे. दर्जा उतरला म्हणताना चित्रे, आवाज, संगीत यांबद्दल तक्रार नसते. ती आजच्याइतकी चांगली कधीच नव्हती. उतरला आहे तो पुरेपणा. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटांत मावत होता. आज फोनमधला एक फोटो त्याच्या कैक पट जागा खातो. पण ते ४० किलोबाइट काडतुसात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, एकदा कोरले की संपले. चूक राहिली तर दुरुस्त करायची सोयच नव्हती, म्हणून ती आधीच शोधावी लागे. नव्वदीच्या दशकात तालुक्याच्या एसटी स्टँडाजवळच्या पार्लरमध्ये एक रुपयाचे नाणे टाकून जी पोरे खेळली, त्यांना हा पुरेपणा शब्दाशिवाय ठाऊक आहे. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आपल्याकडे त्या नावाने कोणीच ओळखत नाही. पिवळ्या टोपीच्या पात्रावरून तो ‘मुस्तफा’ झाला. मुस्तफाचे मशीन नाणी गिळायलाच बनवलेले होते, ते काही साधू नव्हते. पण नाणे टाकले की समोर येई तो अख्खा खेळ, पहिल्या पायरीपासून शेवटच्या राक्षसापर्यंत. पुढचे हातात कसब किती त्यावर. घरी आलेली टीव्ही गेमची काडतुसे तर बहुतेक नकलीच. ‘९९९९ इन वन’ असे वर छापलेले आणि आत वीस-पंचवीस खेळ उलटसुलट फिरवलेले. ती फसवणूकही निदान पहिल्याच दिवशी कळायची.

इंटरनेट आले आणि दुरुस्ती घरपोच पाठवता येऊ लागली. सोय चांगली होती; तिचा रिवाज वाईट पडला. नंतर दुरुस्त करता येते म्हटल्यावर आधी पुरे करण्याची निकड गेली. विक्रीची तारीख वर्षभर आधी जाहीर झालेली असते, जाहिरातीचे पैसे गेलेले असतात, भागधारकांना तिमाहीचा शब्द दिलेला असतो. अशा वेळी खेळ जसा असेल तसा बाजारात जातो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला तो जुन्या यंत्रांवर इतका मोडका होता, की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून तो काढून घेतला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत दुकानात आला जून २०२१ मध्ये. नीट, म्हणजे आधीच द्यायला हवा होता तसा, व्हायला २०२३ उजाडले. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्यांनी कच्चा माल घेतला आणि ज्यांनी तीन वर्षे थांबून सवलतीत घेतला त्यांना पक्का मिळाला. इतर कुठल्या धंद्यात पहिल्या गिऱ्हाइकाची अशी गत होत नाही.

सोनीच्याच ‘कॉन्कॉर्ड’ची कथा आणखी छोटी. वर्षानुवर्षे बनवलेला हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि खेळायला माणसेच फिरकली नाहीत म्हणून ६ सप्टेंबरला बंद झाला. गणपती बसायच्या आत आटोपले. पैसे परत मिळाले, पण ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद केला गेला.

महाराष्ट्रासाठी यातले सर्वांत बोलके उदाहरण घरचेच आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यातला स्टुडिओ गेमलॉफ्टकडून विकत घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईतही एक सुरू केला. अनेक वर्षे इथे मुख्यतः बाहेर बनलेल्या खेळांना हातभार लावण्याचे काम चाले. मग या दोन स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याची जबाबदारी आली. मूळ खेळ २००३ चा, कंपनीच्या मॉंट्रियल स्टुडिओचा, आणि आपल्याकडे सायबर कॅफेत व सीडीवर एका आख्ख्या पिढीने खेळलेला. वेळ मागे फिरवणारी कट्यार हातात असलेला राजपुत्र, चुकलेली उडी उलटी खेचून पुन्हा मारायची सोय. एवढ्या नावाजलेल्या खेळाची धुरा पुण्या-मुंबईकडे येणे ही छोटी गोष्ट नव्हती.

सप्टेंबर २०२० मध्ये त्याची पहिली झलक दाखवली गेली आणि जगभरच्या खेळाडूंनी नाक मुरडले. चेहरे मेणाचे वाटतात, चित्र जुनाट दिसते, अशी टीका झाली. विक्रीची तारीख २१ जानेवारी २०२१ ठरली होती. ती १८ मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉंट्रियलला सोपवले. पुढे २०२६ चे साल जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत कंपनीने आणखी पाच खेळांबरोबर हा खेळही रद्द करून टाकला. सव्वापाच वर्षे गेली आणि हातात काही राहिले नाही. त्या पहिल्या झलकीनंतर खापर इथल्या कारागिरांवर फोडले गेले, पण मूळ खेळ ज्यांनी घडवला त्या मॉंट्रियललाही पावणेचार वर्षांत तो पुरा करता आला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. दोष हातांचा असता तर हात बदलून काम झाले असते. वेळ मागे फिरवण्याची सोय राजपुत्राला होती, कंपनीला नव्हती.

पैसे देऊन घेतलेला खेळ आपला राहतो का, हा दर्जाचाच पुढचा प्रश्न आहे. युबिसॉफ्टचाच ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला. तो चालायला कंपनीचा सर्व्हर लागे, एकट्याने खेळायचे असले तरी. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला आणि कपाटातल्या डिस्क निव्वळ चकत्या उरल्या. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी होती : दुकान बंद करायचे तर करा, पण विकलेली वस्तू चालत राहील अशी काही व्यवस्था करून जा. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून इतके तरी केले, की डिजिटल वस्तू विकताना ‘ही विक्री नाही, वापराचा परवाना आहे’ हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे ‘बाय’ लिहिलेल्या बटणाखाली असे काही लिहिण्याची सक्ती नाही.

इथपर्यंतचे सगळे शहरातल्या गिऱ्हाइकाचे झाले. जव्हारमध्ये पंचावन्न हजारांचे यंत्र आणि पाच हजारांची डिस्क हा विषय निघत नाही. तरी धंदा शिरपामाळापर्यंत पोचला आहे तो फोनमधून, आणि तोही फुकट म्हणून.

जव्हार शहराला लागून असलेला हा माळ. सुरतेच्या पहिल्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून मस्तकी शिरपेच चढवला, म्हणून याचे नाव शिरपामाळ, असे इथे सांगतात. स्मारक आहे, उघडा वारा आहे, खाली दरीतले पाडे आहेत. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, तरी दरीत रेंज जाते आणि उंचावर येते. म्हणून अशा माळांवर पोरे बसलेली दिसतात, तीन-चार डोकी एका फोनवर. फोन बहुधा मोठ्या भावाचा, काच तडकलेली, मेमरी भरलेली. खेळाचे अपडेट उतरायला लागते आणि ‘जागा अपुरी’ असा निरोप येतो. मग व्हॉट्सॲपवरची लग्नाची छायाचित्रे पुसली जातात, आईच्या भजनाच्या ध्वनिफिती पुसल्या जातात. खेळाला एक रुपयाही न देता इतकी किंमत आधीच चुकती झालेली असते.

खेळ असतो बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स. साधा फ्री फायर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. मॅक्स तेवढा राहिला. पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये गेला आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय होऊन परतला. हे खेळ वाईट घडवलेले नाहीत. हलक्या फोनवरही चालतील असे ते बसवले आहेत आणि ते काम सोपे नसते. त्यांची मेख दुकानात आहे. दुकानात रुपये चालत नाहीत. आधी रुपयांचे डायमंड किंवा यूसी करून घ्यायचे. समजा हवी असलेली वस्तू शंभर नाण्यांची आहे. गठ्ठे मात्र साठाचे आणि तीनशेचे. साठ कमी पडतात, तीनशे घेतले तर दोनशे उरतात, आणि उरलेली नाणी खिशात खुळखुळतात म्हणून पुढची वस्तू पाहिली जाते. जत्रेतल्या पाळण्याला ठरलेल्या पैशांचे तिकीट असते. इथे एका फेरीला किती रुपये गेले, हे मुलालाच काय, मास्तरांनाही चटकन सांगता येणार नाही.

त्यावर कडी म्हणजे पेटी. नाणी देऊन वस्तू मिळत नाही. वस्तू असण्याची शक्यता असलेली बंद पेटी मिळते. पेटी थरथरते, उजेड फाकतो, क्षणभर थांबते आणि बहुधा किरकोळ काहीतरी निघते. शेजारी उलटे घड्याळ चालू असते, ‘दोन तास उरले’. मटक्याच्या आकड्यात आणि यात फरक एवढाच, की मटक्यात लागला तर पैसे तरी मिळतात. इथे बंदुकीला सोनेरी रंग मिळतो आणि तो खेळाबाहेर कुठे चालत नाही. याच कारणाने कायद्याच्या जाळ्यातून ही पेटी निसटते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. रमीची ॲपे त्यात गेली, ते बरेच झाले. पेटी राहिली. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे घेऊन दिलेली अशी पेटी जुगारात धरली. चीनने २०१७ पासून पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे सक्तीचे केले.

भारतात हत्यार अगदीच नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या तेरा क्लृप्त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणे ही त्यातलीच एक. सतत पिच्छा पुरवणे ही दुसरी. १९१५ हा तक्रारीचा फोन क्रमांकही आहे. पण ज्या पोराने भावाच्या फोनवरून भावाच्या नकळत डायमंड टाकले, ते पोर १९१५ ला फोन कशाला करील?

धंद्याची दुसरी बाजू न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल, कारण गेल्या पाच वर्षांतले सर्वांत चांगले खेळ बरेचदा छोट्या हातांतून आले आहेत. ‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा खेळ एका माणसाने बनवला. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि वर्षभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. ऑस्ट्रेलियातल्या तिघाचौघांच्या चमूने ‘सिल्कसाँग’ सात वर्षे घासूनपुसून सप्टेंबर २०२५ मध्ये वीस डॉलरला काढला, तेव्हा गर्दीने मोठमोठ्या कंपन्यांची ऑनलाइन दुकाने कोलमडली. फ्रान्समधल्या तीसेक जणांच्या स्टुडिओने बाहेरून मदत घेऊन बनवलेला ‘एक्सपिडिशन ३३’ पन्नास डॉलरला आला आणि वर्षाच्या सर्वोत्तम खेळाचा मान घेऊन गेला.

पुण्यानेही हे करून दाखवले आहे. नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ घडवला. भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, हातात त्रिशूळ, भोवती पुराणातले जग आणि लघुचित्रांची शैली. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी काम सोडले नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आणि ऑक्टोबरात इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. खेळ चार-पाच तासांतच संपतो, अशी काहींनी कुरकुर केली. लढाईत काही ठिकाणी तो अडखळतोही. पण तो संपतो, म्हणजे त्याला शेवट आहे. ज्या पुण्यात ‘राजी’ पुरा झाला त्याच पुण्यात, त्याच वर्षी दाखवलेला राजपुत्र पुरा झाला नाही. पहिल्यामागे थोडी माणसे आणि तुटपुंजा पैसा होता. दुसऱ्यामागे जगातल्या बड्या कंपन्यांपैकी एक.

राज्य मंत्रिमंडळाने १६ सप्टेंबर २०२५ रोजी ॲनिमेशन, गेमिंग आणि संबंधित उद्योगांसाठीचे धोरण मंजूर केले. २०५० पर्यंत त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद आहे. रक्कम भरघोस वाटते. पण कोर्टातल्या त्या कागदांशी ताडून पाहिली, तर पंचवीस वर्षांची ही सगळी तरतूद सोनीच्या तसल्या दोन खेळांनाही पुरत नाही. आणि ती एकट्या गेमिंगसाठी नाही. ॲनिमेशन, चित्रपटांतले व्हिज्युअल इफेक्ट्स, कॉमिक्स यांचाही वाटा त्यातच आहे. तेव्हा भव्यतेच्या शर्यतीत उतरण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ज्या शर्यतीत उतरलेलेच धापा टाकत आहेत तिच्यात उतरण्यात शहाणपणही नाही. १९८३ मध्ये घाईने बनवलेल्या रद्दी खेळांनी अमेरिकेतला हा धंदा एकदा बसवला होता. अटारीने ‘ई.टी.’ हा खेळ सहा आठवड्यांच्या आत उरकला आणि न खपलेली काडतुसे न्यू मेक्सिकोच्या कचरा डेपोत पुरली. २०१४ मध्ये ती उकरून काढली तेव्हा अजून ओळखू येत होती. अनुदानाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या चकचकीत इमारती आणि त्यांत अर्धवट सोडलेले प्रकल्प पुरायला महाराष्ट्रात जागा नाही.

याउलट त्याच पैशातून ‘राजी’एवढे खेळ डझनांनी उभे राहू शकतात, आणि त्यांना लागणारी सामग्री परदेशातून आणावी लागत नाही. मोखाड्याचा बोहाडा घ्या. रात्रभर मशालींच्या उजेडात देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात, एकेका सोंगाचा मान एकेका घराण्याकडे असतो, मुखवटा चढवण्याचे आणि उतरवण्याचे नेम असतात, आणि पहाटे तो पुरा होतो. पात्रे, नियम, डाव, शेवट, खेळाला लागणारे सगळे त्यात आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मात्र असे काही बनेल तेव्हा ज्यांचे सोंग आणि ज्यांची रेघ, त्यांची परवानगी आणि त्यांचा वाटा आधी ठरला पाहिजे. पाड्यावरून चित्र उचलून नेणारे आजवर पुष्कळ आले.

धोरणाची अंमलबजावणी अजून व्हायची आहे, म्हणून हे पत्र. अनुदानाचा पहिला हक्क छोट्या स्टुडिओला मिळावा, आणि शेवटचा हप्ता खेळ पुरा होऊन बाजारात आल्यावरच सुटावा. घरकुलाचा शेवटचा हप्ता घर पुरे झाल्याशिवाय मिळत नाही. पाड्यावरच्या माणसाला जो नियम, तो हिंजवडीतल्या कंपनीलाही असावा. राज्याच्या पैशातून बनलेला खेळ सर्व्हर बंद झाल्यावरही चालला पाहिजे, आणि त्याची एक प्रत राज्याच्या संग्रही जमा झाली पाहिजे. त्यात बंद पेटी असू नये. इतर खेळांतल्या पेटीवर शक्यतेचा आकडा आणि रुपयांतली किंमत मराठीत छापणे सक्तीचे करावे, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. आणि पुण्या-मुंबईत होणाऱ्या गेमिंगच्या शिबिरांपैकी एखादे जव्हारच्या आश्रमशाळेतही भरवावे. इथली पोरे खेळतात चांगली. खेळ बनतो कसा, हे त्यांना अजून कोणी दाखवलेले नाही.

या मागण्यांचा विचार धोरणाचे नियम ठरवताना व्हावा, ही विनंती. कळावे.

शिरपामाळ,
ता. जव्हार, जि. पालघर

जव्हारचा एक रहिवासी